पंचाहत्तर खाटा : सर जोसेफ भोर यांची गोष्ट

नाताळच्या सुट्टीत मी डिंडोलीला घरी होते. माझी चुलत बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे ती सकाळपासून एकच यादी घोकत होती. भोर समिती, १९४६. मुदलियार समिती, १९६२. मग चढ्ढा, मुखर्जी, कर्तारसिंग, श्रीवास्तव. मधेच थांबून तिने मला विचारलं की ताई, हे भोर म्हणजे पुण्याजवळचं भोर का गं? तिथे बैठक झाली असणार, म्हणून तसं नाव पडलं असणार. मी पडले साहित्याची विद्यार्थिनी. पण ताई म्हणवून घेते म्हटल्यावर उत्तर तर द्यायला हवं. मी ठोकून दिलं की हो, असेल.

रात्री मात्र राहवलं नाही. शोधायला बसले तर कळलं की भोर हे गाव नव्हतं, माणूस होता. सर जोसेफ विल्यम भोर. जन्म नाशिकचा, ६ एप्रिल १८७८, ख्रिस्ती कुटुंबात. मित्रांनो, खरं सांगते, मला लाज वाटली. मराठी ख्रिस्ती म्हटलं की आपल्या तोंडी लगेच रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई ही नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण ज्या माणसाच्या नावाची समिती देशातली प्रत्येक नर्स पाठ करते तो आपल्या नाशिकचा, हे एकवीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

शोधत राहण्याचं आणखी एक कारण होतं, ते घरचं. दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या पोटात रात्री अचानक दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं. पप्पा लूमच्या कारखान्यात आहेत. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं तर आधी डिपॉझिट भरा म्हणाले. सरकारी योजनेचं कार्ड आमच्याकडे नव्हतं, कारण रेशनकार्ड अजून नगर जिल्ह्यातल्या गावाला. दुसऱ्या दिवशी मम्मीच्या गळ्यातली पोत सोनाराकडे गेली. ती सुटायला सात महिने लागले. ऑपरेशन चांगलं झालं, पप्पा बरे झाले, त्यामुळे घरात आता कोणी तो विषय काढत नाही. पण भोर यांच्याबद्दल वाचताना मला सारखी ती पोत आठवत होती. का, ते पुढे येईलच.

भोर यांचे वडील रावसाहेब आर. जी. भोर. मुलाचं शिक्षण पुण्याला झालं, आधी बिशप्स हायस्कूलमध्ये आणि मग डेक्कन कॉलेजात. त्यानंतर लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. १९०२ साली ते आयसीएस झाले. त्या काळी ही परीक्षा फक्त लंडनला व्हायची आणि पास होणारे हिंदी लोक दर वर्षी बोटावर मोजण्याइतके. नोकरी लागली मद्रास इलाख्यात. नाशिकचा मराठी माणूस तमिळ मुलखात कलेक्टरीची कामं शिकला, आणि पुढे १९१४ ते १९१९ कोचीन संस्थानाचा दिवाण झाला. छत्तिसाव्या वर्षी एका संस्थानाचा सगळा कारभार हातात येणं ही लहान गोष्ट नव्हती.

मधे १९११ साली त्यांचं लग्न झालं. पत्नी मार्गारेट विल्की स्टॉट या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकलेल्या डॉक्टर होत्या आणि हिंदुस्थानात बायकांसाठी असलेल्या वैद्यकीय सेवेत त्यांनी काम केलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, म्हणून ही सेवा निघाली होती. भोर स्वतः डॉक्टर नव्हते. पण दवाखान्यात काय चालतं, बाळंतपणात बाया कशाने मरतात, हे त्यांना फाइलमधून कळण्याआधी घरात कळलं असेल, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण नर्सिंग शिकणाऱ्या बहिणीबरोबर एका खोलीत राहिल्यामुळे तो मला पटतो.

पुढची वीस वर्षं भोर चढत गेले. लंडनला हिंदुस्थानच्या हायकमिशनरचं काम त्यांनी १९२२-२३ मध्ये हंगामी म्हणून पाहिलं. दिल्लीत शिक्षण, आरोग्य आणि जमीन या खात्याचे सचिव झाले. १९२८ साली सायमन कमिशन आलं तेव्हा त्याच्या दोन सचिवांपैकी एक भोर होते. इथे आपण जरा थांबायला हवं. ज्या कमिशनला काळे झेंडे दाखवले गेले, ज्याच्याविरुद्धच्या मोर्चात लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या, त्याच कमिशनचे कागद हा माणूस सांभाळत होता. त्यांना सर हा किताब मिळाला तो इंग्रजांकडून, आणि तो त्यांनी आनंदाने घेतला. भोर स्वातंत्र्यसैनिक नव्हते. ते साम्राज्याचे इमानदार अधिकारी होते. त्यांची गोष्ट सांगताना हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

१९३० ते १९३५ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्रीच म्हणा. आधी उद्योग आणि कामगार, मग व्यापार आणि रेल्वे. तो जागतिक मंदीचा काळ. त्यांचं त्या वेळचं एक काम आपल्या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. जपानी स्वस्त कापडाचा बाजारात पूर आला, इथल्या सरकारने त्यावर जबर कर बसवला, तर जपानच्या गिरण्यांनी चिडून हिंदुस्थानचा कापूस घेणंच बंद केलं. गिरणीमालकाला एक पाहिजे आणि शेतकऱ्याला दुसरं. खानदेश-वऱ्हाडचा शेतकरी कापसाच्या गाठी घेऊन बसला. भोर यांनी जपानी प्रतिनिधींशी आधी सिमल्याला आणि मग दिल्लीला महिनोन्‌महिने बोलणी केली आणि १९३४ च्या सुरुवातीला तोड काढली. जपान जितका कापूस घेईल त्या मानाने त्याचं कापड येऊ द्यायचं. पंधरा लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त चाळीस कोटी वार कापड. आमच्या गल्लीतली निम्मी घरं जळगाव-धुळ्याची आहेत, कापूस सोडून लूमवर आलेली. त्यांच्या पणजोबांच्या गाठींचा हिशोब या नाशिककराने केला होता.

हे सगळं मी एवढ्या विस्ताराने सांगतेय ते एका कारणासाठी. भोर हे पैशाचं गणित जाणणारे गृहस्थ होते. मंदीत रेल्वेचं उत्पन्न घसरलेलं असताना काटकसरीची कात्री चालवण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. एखादी चांगली योजना समोर आली की सरकार तिला नाही कसं म्हणतं, हे त्यांनी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलं होतं. म्हणून पासष्टाव्या वर्षी त्यांनी जे केलं त्याचं मोल जास्त आहे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये सरकारने एक समिती नेमली. देशाच्या आरोग्याची पाहणी करायची आणि पुढचा आराखडा मांडायचा. अध्यक्ष सर जोसेफ भोर. ते वर्ष बंगालच्या दुष्काळाचं. महायुद्ध चालू. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा अहवाल आला होता, त्यातून पुढे १९४८ साली तिथली सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. भोर समितीत डॉक्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते. विशाखापट्टणमच्या ख्रिस्ती डॉक्टर हिल्डा लाझारस होत्या. आणि आपले ना. म. जोशी होते, ज्यांच्या नावाचा रस्ता मुंबईत लोअर परळला आहे. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी असं विधेयक आणलं होतं. सरकारनेच विरोध करून ते पाडलं. मुंबई इलाख्यात तसा कायदा व्हायला १९२९ उजाडलं. थोडक्यात, नकार पचवलेली माणसं समितीत होती.

समिती देशभर फिरली. जे आकडे निघाले ते वाचून आजही पोटात गोळा येतो. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत. जन्मलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य सत्तावीस वर्षांच्या आसपास. डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक. नर्स ४३,००० माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण तीनशे माणसांमागे एक. हजार लोकांमागे दवाखान्यातल्या खाटा ०.२४, म्हणजे चार हजार माणसांना एक खाट. आणि जे होतं तेही शहरात.

१९४६ साली अहवाल बाहेर आला. चार खंड. त्याचं मूळ तत्त्व एका वाक्यात मावतं. खिशात पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये. पैसे घ्यायचे ते आजारी माणसाकडून दवाखान्याच्या दारात नाही. ज्याची ऐपत आहे त्याने आधीच कराच्या रूपाने भरायचे, आणि दारात आल्यावर गरीब-श्रीमंत सगळ्यांना सेवा सारखी. सरकारी डॉक्टरने पगारावर काम करायचं, खाजगी प्रॅक्टिस करायची नाही. प्रांतांनी आपल्या खर्चातला किमान पंधरा टक्के वाटा आरोग्याला द्यायचा.

रचना कशी असावी हेही त्यांनी खाटा मोजून सांगितलं. लांबच्या पल्ल्यात, तीस-चाळीस वर्षांत, दर दहा ते वीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक केंद्र आणि त्यात पंचाहत्तर खाटांचा दवाखाना. त्याच्या वर साडेसहाशे खाटांचं मोठं रुग्णालय. आणि तीस लाख वस्तीच्या जिल्ह्याला अडीच हजार खाटा. पहिल्या दहा वर्षांसाठी मात्र माफक मागणी होती. चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र, दोन डॉक्टर, नर्सा, सुईणी, स्वच्छता निरीक्षक. गावागावात लोकांची आरोग्य समिती. डॉक्टरने रोग्याची वाट पाहत बसायचं नाही, पाणी, अन्न, घर यांच्याकडेही बघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणून गावात जी पिवळट इमारत आपण सगळ्यांनी पाहिलीय, तिची मूळ कल्पना या पानांत आहे. दिल्लीच्या एम्सचीही.

अहवाल पूर्ण होत आला असताना, १९४५ साली, भोर यांच्या पत्नी वारल्या. बाळंतिणींसाठी, बायकांसाठी काम केलेल्या त्या डॉक्टरीणबाईंना छापील चार खंड पाहायला मिळाले नाहीत.

आता अमेरिकेकडे वळते. भोर समितीने बाहेरच्या देशांतून काही तज्ज्ञ सल्ल्यासाठी बोलावले होते. त्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट होते. वैद्यकाच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक, मूळचे स्विस. उपचार ही विकत घेण्याची वस्तू नसावी असं उघडपणे लिहिणारे. १९४४ साली ते आधी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात गेले, तिथल्या नव्या सरकारला आरोग्यसेवेचा सल्ला दिला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात आले. एकच माणूस, तीन देशांशी संबंध. त्या तीन देशांत पुढे काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की भोर यांच्या अहवालाचं नशीब समजतं.

कॅनडात सस्कॅचवानने १९४७ साली सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू केला. १९६२ मध्ये डॉक्टरांची फीही सरकार देणार असं ठरल्यावर तिथले डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवस. सरकार काही बाबतीत नमलं, पण योजना टिकली आणि पुढे सगळ्या देशाने उचलली.

अमेरिकेत उलट झालं. तिथे सरकारी आरोग्य विम्याची गोष्ट १९१२ पासून निघत होती. रूझवेल्ट यांनी १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा केला तेव्हा विरोधाच्या भीतीने आरोग्य विमा त्यातून बाहेर ठेवला. १९ नोव्हेंबर १९४५ ला, म्हणजे आपल्याकडे भोर अहवाल लिहून होत होता त्याच सुमारास, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना संसदेपुढे ठेवली. डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, विरोधात उभी राहिली. सभासदांकडून पंचवीस-पंचवीस डॉलर गोळा केले. प्रचाराचा धंदा करणारी एक कंपनी ठेवली आणि १९४९ या एका वर्षात पंधरा लाख डॉलर खर्च केले. दवाखान्यांत पत्रकं वाटली. सरकारी उपचार म्हणजे समाजवाद, आणि समाजवाद म्हणजे रशिया, असं लोकांच्या मनात भरवलं. शीतयुद्धाचे दिवस, लोक घाबरले. योजना पडली. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर यायला १९६५ उजाडलं आणि सगळ्यांसाठीची योजना आजवर आलेली नाही. सिगरिस्ट यांच्यावरही संशयाच्या नजरा होत्या. १९४७ मध्ये ते अमेरिका सोडून स्वित्झर्लंडला निघून गेले.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे भोर यांच्या योजनेविरुद्ध कोणी पत्रकं वाटली नाहीत. संप झाला नाही. आयुर्वेदवाले नाराज झाले, कारण अहवालाने देशी वैद्यकाला जवळजवळ बाजूलाच ठेवलं होतं. ती नाराजी रास्त होती. समितीतल्या काही सभासदांनीही एका मुद्द्यावर वेगळं मत नोंदवलं, त्याबद्दल पुढे सांगते. पण एकूण अहवालाचं स्वागतच झालं. फार दूरदर्शी, फार मोठं काम, असं सगळे म्हणाले. आणि मग पैसे नाहीत म्हणाले.

फाळणी झाली होती, निर्वासितांचे लोंढे येत होते, धान्याची टंचाई होती. ही अडचण खोटी नव्हती. तरी पैसे अजिबात नव्हते असंही नाही. पहिल्या पंचवार्षिक योजनेत एकूण खर्चापैकी आरोग्याच्या वाट्याला आले साधारण ३.३ टक्के. शिवाय आरोग्य हा विषय राज्यांचा, त्यामुळे दिल्लीने राज्यांकडे बोट दाखवावं आणि राज्यांनी दिल्लीकडे. २ ऑक्टोबर १९५२ ला गांधीजयंतीच्या मुहूर्तावर सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. नाव भोर यांचं, माप दुसरंच. चाळीस हजारांऐवजी साठ-सत्तर हजारांच्या, कधी लाखभर वस्तीच्या विकास गटाला एक केंद्र. खाटा सहा. पंचाहत्तरच्या सहा. खाजगी प्रॅक्टिस बंद करण्याची सूचना बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. एम्स मात्र १९५६ मध्ये उभं राहिलं, आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या चिकाटीने आणि न्यूझीलंडच्या मदतीने. एम्स झालं हे चांगलंच झालं. पण बघा ना, झाडाचा शेंडा आधी आला आणि मुळं राहून गेली.

मला या सगळ्यातून एक गोष्ट दिसते, तीच या लेखात सांगायची आहे. अमेरिकेत विरोध करणाऱ्याला नाव होतं, पत्ता होता, खर्चाचा आकडा होता. त्याच्याशी भांडता येत होतं आणि तिथले लोक आजही भांडतात. आपल्याकडे विरोधाला चेहराच नव्हता. योजनेला नाही कोणी म्हटलंच नाही, त्यामुळे हो का झालं नाही हे कोणाला विचारायचं ते कळत नाही. मान डोलावून, कौतुक करून, थोडंसं देऊन बाकीचं पुढच्या योजनेवर ढकलत राहिलं की काम होतं. एखादी गोष्ट हाणून पाडण्याचा हा फार सभ्य प्रकार आहे. आणि जिची पोत गहाण पडते तिला वाटतं की हे आपलं नशीब.

भोर यांना हे होईल असं वाटलं होतं का? अहवालात त्यांनी पैशाच्या प्रश्नाला बगल दिलेली नाही. टाळता येण्याजोग्या रोगांमुळे आणि अकाली मृत्यूंमुळे देशाचं दर वर्षी किती नुकसान होतं ते मोजलं तर लोक हादरून जातील, असा त्याचा रोख आहे. म्हणजे पैसे नाहीत हे उत्तर येणार हे त्यांना आधीच माहीत होतं आणि त्याचा जबाब त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. आयुष्यभर खजिन्याच्या बाजूने बसलेला माणूस शेवटच्या कामात टेबलाच्या अलीकडे येऊन बसला.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी देशातल्या डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश डॉक्टर लायसेन्शिएट होते, म्हणजे कमी वर्षांचा कोर्स केलेले, कमी खर्चात शिकलेले. भोर समितीच्या बहुमताने ठरवलं की हा कोर्स बंद करायचा आणि सगळीकडे एकाच दर्जाचे, पूर्ण पदवीचे डॉक्टर तयार करायचे. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा त्यामागचा विचार. विचार उदात्त होता. पण वेगळं मत नोंदवणाऱ्या सभासदांचं म्हणणं होतं की डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हे करू नका. पुढे लायसेन्शिएट बंद झाले, आणि पदवीचे डॉक्टर खेड्यात गेले नाहीत. समता आणायला निघालेल्या निर्णयाने खेडी आणखी रिकामी केली. यात ते वेगळं मत मांडणारे जास्त शहाणे ठरले, असं मला वाटतं.

ख्रिस्ती म्हणूनही हा अहवाल मला विचार करायला लावतो. आमच्या गावाकडे सिस्टर लोकांचा दवाखाना होता. आजी अजून त्यांचं नाव काढते. मिशनच्या दवाखान्यांनी या देशात केलेली सेवा आपण अभिमानाने सांगतो आणि ते चूक नाही. पण भोर, लाझारस, अमृत कौर ही ख्रिस्ती माणसं जे मागत होती ते वेगळं होतं. दयेने मिळालेला उपचार चांगला असतो, पण तो देणाऱ्याच्या मनावर असतो. सिस्टर बदलून गेल्या, निधी आटला, की दवाखाना बंद. आमच्या गावात तेच झालं. भोर यांच्या योजनेत आजारी माणसाला कोणाचे आभार मानायचे नव्हते. त्याने कर भरलेला आहे, किंवा शेजाऱ्याने भरलेला आहे, पुरे.

आमच्या डिंडोलीतल्या जुन्या लोकांना हा फरक पुस्तकाशिवाय कळतो. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला तेव्हा लोकांनी एका रात्रीत शहर सोडलं. आमच्या बाजूचे काका सांगतात की भुसावळ लाइनच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं टपावर बसली होती. शहरातले कितीतरी खाजगी डॉक्टर दवाखान्यांना कुलूप लावून निघून गेले. प्लेगच्या रोग्यांना दाखल करून घेतलं ते मुख्यत्वे सरकारी सिव्हिल हॉस्पिटलने. त्यांचे डॉक्टर आणि नर्सा कामावर राहिल्या. सगळ्यांची असलेली गोष्ट कशासाठी लागते, ते त्या आठवड्यात सुरतेला दिसलं. नंतर शहर स्वच्छ झालं, नावाजलं गेलं, वॉर्डावॉर्डात महापालिकेची आरोग्य केंद्रं आली. आमच्या भागातही आहे. लसीकरणाला, तापाला आम्ही तिथेच जातो. अपेंडिक्स मात्र अजून डिपॉझिटवर चालतं.

भोर १९६० साली वारले. तोपर्यंत स्वतंत्र देशाची दुसरी पंचवार्षिक योजना संपत आली होती, आणि त्यांच्या अहवालाचं काय झालं हे तपासायला नवी समिती बसली होती. तीच ती मुदलियार समिती, बहिणीच्या यादीतली दुसरी. तिचे अध्यक्ष ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे स्वतः भोर समितीत होते. आधी उघडलेली केंद्रं धड चालत नाहीत, ती आधी नीट करा, असं त्या समितीला सांगावं लागलं. त्यानंतर समित्या येतच राहिल्या. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. ते वर्षही आता उलटून गेलं आणि आपण अजून त्या आकड्याच्या अलीकडेच आहोत.

नाशिकमध्ये जन्मलेल्या या माणसाबद्दल मराठीत फार लिहिलेलं मला सापडलं नाही. कदाचित ते सायमन कमिशनबरोबर होते म्हणून राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाने त्यांना जवळ केलं नसेल, आणि पुस्तक न लिहिता अहवाल लिहिला म्हणून साहित्याच्या इतिहासाने. पण चार खंडांत खाट, नर्स, सुईण आणि रुपया मोजून लिहिलेलं हे गद्यही कधीतरी आपल्या वाङ्मय मंडळात वाचायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला उठवून सांगितलं की भोर हे गाव नाही, नाशिकचे एक साहेब होते, ख्रिस्ती होते, आणि त्यांनी दर वीस हजार माणसांमागे पंचाहत्तर खाटा मागितल्या होत्या. तिने डोळे चोळत वही उघडली आणि भोर समितीच्या पुढे ७५ असा आकडा लिहिला. मग विचारलं की डिंडोलीची वस्ती किती गं? आम्ही दोघी अंथरुणातच भागाकार करत बसलो. उत्तर आलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं, आणि मम्मी चहा घेऊन आली तेव्हा आमच्यापैकी कोणीच काही बोलत नव्हतं. मम्मीच्या गळ्यात पोत होती.